बोळ, खांब आणि भिंतीतला जिना: पाठीमागून चालणाऱ्या कॅमेऱ्याची एक दुरुस्ती

"कॅमेरा नीट नाही" ही तक्रार एका ओळीत येते आणि तिच्या पोटात पाच-सहा वेगवेगळे आजार असतात. इथे घेतलेल्या प्रकरणात सहा निघाले. सगळ्यांवर आधी एकच औषध दिलं गेलं होतं: हालचाल आणखी गुळगुळीत करा. त्याने एक आजार झाकला गेला आणि दोन वाढले.

परिस्थिती अशी. युनिटी या गेम इंजिनमध्ये बांधलेला, पात्राच्या पाठीमागून दिसणारा खेळ. लेव्हल, म्हणजे खेळातली जागा, हा एक जुना चौसोपी वाडा. दिंडी दरवाजा ९० सेंमी रुंद आणि १.८ मीटर उंच, त्यामागे १.२ मीटर रुंदीचा बोळ, मग चौक. चौकाभोवती ओसरी, तिला दर १.८ मीटरवर २५ सेंमी जाडीचे लाकडी खांब. एका कोपऱ्यात भिंतीच्या जाडीत बसवलेला जिना: रुंदी ७५ सेंमी, पायरीची उंची २५, खोली २२. पात्राचा वेग सेकंदाला ५ मीटर, कोलायडर (टक्कर ओळखणारा अदृश्य आकार) ३५ सेंमी त्रिज्येची कॅप्सूल. कॅमेरा १.५ मीटर उंचीवरच्या पिव्हटला (कॅमेरा ज्याभोवती फिरतो त्या बिंदूला) ३ मीटर लांबीच्या अदृश्य दांडीने बांधलेला, १५ अंश वरून बघणारा, उजव्या खांद्याकडे ४५ सेंमी सरकवलेला. उभा दृष्टिकोन (कॅमेऱ्याला वर-खाली दिसणारा कोन) ६० अंश, जवळची छेदपातळी (जिच्या अलीकडचं काही रंगत नाही ती) ०.३ मीटर. हे शेवटचे दोन आकडे युनिटीने दिलेले, कोणी हात न लावलेले.

मोकळ्या मैदानात हा कॅमेरा बरा वाटत होता. वाड्यात शिरला की मात्र पात्र थरथरायचं, भिंतीपलीकडचं आकाश दिसायचं, ओसरीतून धावताना दृश्य आत-बाहेर पंपासारखं व्हायचं, दिंडीतून जाताना फटकन उडी मारायचं आणि जिन्यात पात्राच्या टाळूशिवाय काही दिसायचं नाही.

आधी मोजणी

डोळ्याने बघून "थोडं थरथरतंय" म्हणण्यात अर्थ नाही. दर फ्रेमला पात्राच्या छातीचा बिंदू युनिटीच्या वर्ल्डटूव्ह्यूपोर्टपॉइंट या फंक्शनने पडद्यावरच्या जागेत बदलून घ्यायचा आणि तो फाइलीत लिहायचा. सरळ रेषेत, एकाच वेगाने धावत असताना हा आकडा जवळजवळ स्थिर राहायला हवा. इथे आलेख काढल्यावर करवतीचे दात दिसले, सेकंदाला दहा. दहा हा आकडा योगायोगाचा नव्हता.

युनिटीचं भौतिकशास्त्र मूळ सेटिंगला दर ०.०२ सेकंदाला, म्हणजे सेकंदाला ५० वेळा चालतं. पडदा ६० वेळा रंगतो. त्यामुळे सेकंदातल्या दहा फ्रेम अशा जातात, की पात्र जागचं हललेलंच नसतं: पाच फ्रेम दहा-दहा सेंटिमीटर, सहावी फ्रेम शून्य. कॅमेरा मात्र लेटअपडेटमध्ये (फ्रेममधली बाकीची कामं झाल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) प्रत्येक फ्रेमला पुढे सरकत असतो. दोघांच्या चालीतला हा फरक थरथरीसारखा दिसतो. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर तर निम्म्याहून जास्त फ्रेममध्ये पात्र उभंच असतं, म्हणून "महागड्या मशीनवर जास्त खराब दिसतं" अशी चक्रावणारी तक्रार येते.

खात्री करायची सोपी युक्ती आहे. फिक्स्ड टाइमस्टेप, म्हणजे भौतिकशास्त्राच्या दोन ठोक्यांमधला वेळ, मुद्दाम ०.१ सेकंद करायचा. थरथर खडबडीत, ढोबळ झाली तर दोष भौतिकशास्त्राच्या ठोक्यात आहे. तशीच राहिली तर दुसरीकडे शोधायचं.

उपाय माहितीतला आहे: रिजिडबॉडीवर (पात्राला भौतिकशास्त्राशी जोडणाऱ्या घटकावर) इंटरपोलेट, म्हणजे दोन ठोक्यांमधली जागा काढणं, चालू करणं. इथे ते चालू होतं आणि तरी थरथर होती! कारण पात्राचं तोंड वळवणारी ओळ अपडेटमध्ये, म्हणजे दर फ्रेमला, थेट ट्रान्सफॉर्मच्या (पात्राची जागा आणि वळण ठेवणाऱ्या घटकाच्या) रोटेशनवर लिहीत होती. ट्रान्सफॉर्मला बाहेरून हात लावला की इंटरपोलेशन मोडतं. वळवण्याचं काम भौतिकशास्त्राच्या ठोक्याला चालणाऱ्या फिक्स्डअपडेटमध्ये, रिजिडबॉडीच्या मूव्हरोटेशनकडे दिलं. दुसरी चूक कॅमेऱ्याच्या बाजूला: तो पात्राची जागा रिजिडबॉडीच्या पोझिशनमधून वाचत होता. तिथे भौतिकशास्त्राची कच्ची जागा मिळते, फ्रेमसाठी मधली काढलेली जागा ट्रान्सफॉर्ममध्ये असते. या दोन ओळी बदलल्यावर करवत सपाट झाली. याची किंमत म्हणजे पात्र जास्तीत जास्त एक भौतिक ठोका, २० मिलिसेकंद, मागे दिसतं. या प्रकारच्या खेळाला ते परवडतं.

पिव्हट डोक्याच्या हाडाला बांधण्याचा मोहही इथे आवरावा. धावण्याच्या ॲनिमेशनमध्ये डोकं खालीवर होतं आणि सगळा वाडा हिंदकळतो. पिव्हट म्हणजे पायाचा बिंदू अधिक ठरावीक उंची, बस.

गुळगुळीतपणाचं गणित

थरथर झाकण्यासाठी जी ओळ आधी घातली गेली होती ती सगळ्यांच्या ओळखीची: दर फ्रेमला कॅमेऱ्याची जागा लक्ष्याकडे ०.१ ने लर्प करा, म्हणजे उरलेल्या अंतराचा दहावा भाग पुढे न्या. हा दहा टक्क्यांचा हिशेब फ्रेमचा आहे, वेळेचा नाही. सेकंदाला ५ मीटर वेगाने धावताना ६० फ्रेमला कॅमेरा ७५ सेंमी मागे पडतो, ३० फ्रेमला दीड मीटर आणि १४४ फ्रेमला ३१ सेंमी. तीन मीटरची दांडी एका मशीनवर साडेचार मीटरची, दुसऱ्यावर सव्वातीन मीटरची. त्याहून वाईट म्हणजे फ्रेमचा वेळ खालीवर झाला की मागे पडण्याचं अंतरही खालीवर होतं, आणि ज्यासाठी ही ओळ घातली तीच थरथर मागच्या दाराने परत येते.

बदल एका ओळीचा आहे. ०.१ च्या जागी १ उणे ई चा (उणे के गुणिले डेल्टाटाइम) एवढा घात. डेल्टाटाइम म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ, के म्हणजे पाठलागाचा जोर. ६० फ्रेमला ०.१ शी जुळणारा के सुमारे ६.३ येतो. तो धरला तर मागे पडण्याचं अंतर ३० ते १४४ फ्रेमच्या दरम्यान ७१ ते ७७ सेंमी राहतं. युनिटीचं स्मूथडॅम्प हे फंक्शन वापरलं तर हिशेब आणखी सोपा: स्थिर वेगाला मागे पडण्याचं अंतर म्हणजे वेग गुणिले स्मूथटाइम (त्या फंक्शनला दिलेला वेळ). ०.०८ सेकंद दिला तर ४० सेंमी.

पण खरा प्रश्न कशाला गुळगुळीत करायचं हा आहे. इथे कॅमेऱ्याची शेवटची जागाच लर्प होत होती, तीही भिंतीची तपासणी झाल्यानंतर. तपासणी म्हणते "अमुक जागा मोकळी आहे", आणि लर्प कॅमेऱ्याला तिथे न नेता जुन्या आणि नव्या जागेच्या मधे कुठेतरी ठेवतो. ती मधली जागा कोणीच तपासलेली नसते. कोपऱ्यावर वळताना ती सरळ भिंतीत असते. लर्प जितका मऊ, तितका भिंतीत राहण्याचा काळ जास्त. म्हणूनच "आणखी स्मूथ करा" हे औषध इथे विष ठरलं.

नवा क्रम असा बसवला: आधी पिव्हट गुळगुळीत करायचा (आडवा ०.०८ सेकंद, उभा ०.१), मग माउस किंवा स्टिकचं वळण जसंच्या तसं लावायचं, मग खांद्याचं सरकवणं, मग दांडी, आणि सगळ्यात शेवटी भिंतीची तपासणी. तपासणीनंतर जागेला कोणी हात लावायचा नाही. अपवाद एकच, तो पुढे येतो.

वळणाबद्दल थोडक्यात. जुन्या इनपुट पद्धतीत माउसचा आकडा म्हणजे मागच्या फ्रेमपासून झालेली हालचाल असते, त्याला डेल्टाटाइमने गुणायचं नाही. स्टिकचा आकडा हा वेग असतो, त्याला गुणायलाच हवं. दोघांना एकाच ओळीतून नेलं की माउसची संवेदनशीलता फ्रेमदराबरोबर डुलत राहते. कोन लर्प करायचा असेल तर लर्पअँगल, नाहीतर ३५९ वरून १ वर येताना कॅमेरा पूर्ण गिरकी घेतो.

भिंतीपलीकडचं आकाश

दांडीची तपासणी आधी एका किरणाने होत होती. किरणाला जाडी नसते, कॅमेऱ्याला असते. छेदपातळी हा एक आयत आहे, आणि त्याचा कोपरा भिंतीत घुसला की भिंत तिथपुरती गायब होते. कोपऱ्याचं अंतर काढता येतं. ०.३ मीटर छेदपातळी, ६० अंश, १६:९ पडदा: अर्धी उंची १७ सेंमी, अर्धी रुंदी ३१, कर्णाने कॅमेऱ्यापासून ४६ सेंमी. म्हणजे ४६ सेंमी त्रिज्येचा गोळा फिरवावा लागेल. १.२ मीटरच्या बोळात अशा गोळ्याला दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम २८ सेंमी मोकळीक उरते.

म्हणून छेदपातळी ०.१ मीटरवर आणली. कोपरा १५.५ सेंमीवर आला. २१:९ च्या रुंद पडद्यावर तोच १७.७ होतो, हे विसरलं की रुंद मॉनिटरवाल्यांनाच आकाश दिसतं आणि चाचणी करणाऱ्याला काही सापडत नाही. त्रिज्या २० सेंमी ठरवली. छेदपातळी जवळ आणल्याने खोलीच्या बफरची (प्रत्येक ठिपका किती दूर आहे याच्या नोंदीची) अचूकता कमी होते खरी, पण आजच्या उलट्या खोलीच्या फ्लोट बफरवर वाड्याएवढ्या अंतराला त्याचा त्रास होत नाही.

(अनरिअल हे दुसरं गेम इंजिन वापरणाऱ्यांनीही हा हिशेब आपल्या प्रकल्पात करून बघावा. तिथल्या स्प्रिंग आर्मचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या दांडीचा, तपासणीचा गोळा मुळात १२ सेंमीचा, छेदपातळी १० सेंमी. आडवा दृष्टिकोन ९० अंश ठेवला तर १६:९ ला कोपरा १५ सेंमीवर जातो.)

आता एक गोम, जी कागदपत्रांत लिहिलेली असूनही सर्रास चुकते. युनिटीचा स्फिअरकास्ट (गोळा फिरवून तपासणी करणारं फंक्शन) सुरुवातीलाच ज्या कोलायडरला गोळा टेकलेला असेल तो कोलायडर मोजतच नाही. पात्र उजव्या भिंतीला चिकटून चाललं आहे, खांद्याचा बिंदू ४५ सेंमी उजवीकडे. कॅप्सूलची त्रिज्या ३५. म्हणजे खांद्याचा बिंदू भिंतीच्या आत! तिथून सुरू झालेल्या तपासणीला ती भिंत दिसत नाही, आणि कॅमेरा निवांत तीन मीटर मागे, भिंतीपलीकडे जाऊन बसतो. गुळगुळीत केलेल्या पिव्हटचंही तेच: तो ४० सेंमी मागे रेंगाळतो, आणि कोपरा कापून वळलं की तो कोपऱ्याच्या दगडात असतो.

म्हणून तपासणी दोन टप्प्यांत. पहिली पात्राच्या खऱ्या मध्यबिंदूपासून खांद्याच्या बिंदूपर्यंत, दुसरी तिथे जेवढं पोचता आलं तिथपासून कॅमेऱ्यापर्यंत. मध्यबिंदू नेहमी मोकळा असतो, कारण त्याच्याभोवती ३५ सेंमीची कॅप्सूल भिंतींना दूर ठेवते आणि गोळा २० सेंमीचा आहे. गोळ्याची त्रिज्या कॅप्सूलपेक्षा कमी ठेवणं ही या सगळ्या रचनेची किल्ली आहे. उद्या कोणी पात्र सडपातळ करून कॅप्सूल १८ सेंमीची केली, तर हा दोष आपोआप परत येईल. कोडमध्येच ही अट तपासून चूक दाखवणारी एक ओळ घालून ठेवावी.

आणि तो अपवाद: भिंत आडवी आली की कॅमेरा त्याच फ्रेमला आत यायला हवा, तिथे दयामाया नाही. भिंत गेली की मात्र लगेच बाहेर फेकायचा नाही. ०.३ सेकंद थांबायचं, मग अर्ध्या सेकंदात हळू मागे न्यायचं. गुळगुळीत होणारी गोष्ट इथे फक्त दांडीची लांबी आहे, आणि ती तपासलेल्या लांबीपेक्षा कधीच जास्त होत नाही, म्हणून कॅमेरा भिंतीत जाऊ शकत नाही.

पाठ भिंतीला लावून उभं राहिलं तर मागे जेमतेम १५ सेंमी उरतात आणि कॅमेरा पात्राच्या मानेत जातो. अंतर ९० सेंमीच्या खाली आलं की पात्र जाळीदार पद्धतीने विरायला लागतं, ५० सेंमीच्या खाली पूर्ण अदृश्य. मेश (पात्राचा दिसणारा आकार) बंद करायचा नाही. फक्त सावली पाडण्याच्या पर्यायावर टाकायचा, नाहीतर उन्हातल्या माणसाची सावली एकाएकी नाहीशी होते आणि ते कॅमेऱ्याच्या दोषापेक्षा जास्त खटकतं.

ओसरी

कॅमेरा चौकात, पात्र ओसरीतून खांबांच्या ओळीला समांतर धावतंय. दर १.८ मीटरला खांब म्हणजे दर ०.३६ सेकंदाला एक. खांबाची जाडी २५ अधिक गोळ्याचा व्यास ४०, म्हणजे ६५ सेंमी अंतर दृष्टिरेषा अडलेली, ०.१३ सेकंद. एवढ्यात कॅमेरा आत येतो, सुटतो, पुन्हा आत येतो. वर सांगितलेला ०.३ सेकंदांचा थांबा लावला तर पंप बंद होतो, पण कॅमेरा ओसरीभर पात्राला चिकटून राहतो आणि मोकळ्या चौकात उभं असूनही बोळात असल्यासारखं वाटतं.

खांबाला भिंत मानणं हीच चूक आहे. पात्रापेक्षा बारीक वस्तू पात्राला लपवत नाही, नुसती ओलांडून जाते. म्हणून ५० सेंमीपेक्षा अरुंद सगळं वेगळ्या लेयरवर (वस्तूंच्या वेगळ्या गटात): खांब, दिवट्या, झोपाळ्याच्या कड्या, दोरीवरचे कपडे. कॅमेऱ्याची तपासणी हा लेयर बघत नाही. दृष्टिरेषेत आलेला खांब ०.१५ सेकंदात विरतो. विरणं हे जाळीदार ठिपक्यांचं, पारदर्शकतेचं नाही. पारदर्शक केलं की वस्तू रंगवण्याच्या वेगळ्या रांगेत जाते, पुढे-मागे क्रमाचे घोळ होतात. ठिपक्यांनी वस्तू अपारदर्शक रांगेतच राहते आणि खोलीही लिहिते.

दिंडी

ही उडी सगळ्यात देखणी चूक होती. पिव्हट १.५ मीटरवर, दांडी १५ अंश वर चढणारी. पात्र दरवाजा ओलांडून पुढे गेलं आणि दरवाजा ३७ सेंमी मागे राहिला की गोळ्याची वरची कड दरवाज्याच्या डोक्याला, १.८ मीटरला, टेकते. त्याच्या आधीच्या फ्रेमला कॅमेरा दाराबाहेर तीन मीटरवर होता, आता ३७ सेंमीवर. गणित बरोबर, दृश्य असह्य. कोणतंही स्मूथिंग इथे कामाचं नाही, कारण आत येताना हळू यायचं तर भिंतीतूनच यावं लागतं.

यावर दाराच्या दोन्ही बाजूंना अडीच मीटर पसरलेला ट्रिगर (पात्र आत शिरल्याची खबर देणारा अदृश्य डबा) ठेवला. त्यात शिरलं की कॅमेऱ्याचा कोन हळूहळू शून्याकडे आणि दांडी दोन मीटरवर येते. मग गोळ्याची कड १.७ मीटरवरून, डोक्याखालून, निघून जाते. खेळाडूने मुद्दाम माउस फिरवला तर त्याचंच चालू द्यायचं, उडी आली तरी. कॅमेऱ्याची दोरी हातातून काढून घेतलेली कुणाला आवडत नाही.

ट्रिगर ठेवल्या दिवशी नवाच दोष उगवला: कॅमेरा बोळात हवेला धडकू लागला. युनिटीत स्फिअरकास्टसारख्या शोधांना मुळातच ट्रिगरही लागतात, त्यामुळे स्फिअरकास्टला तो नवा डबा भिंत वाटला. शोधात ट्रिगर वगळण्याचा पर्याय द्यायचा, एवढंच.

जिना

जिन्याचा चढ जवळपास ४९ अंश, छत पायऱ्यांना समांतर, दोन मीटरवर. वर चढताना मागे, १५ अंश वर जाणारी दांडी १४-१५ सेंमीतच छताला लागते. दांडी छोटी करा, कोन कमी करा, काही उपयोग नाही. कॅमेरा पात्राच्या खाली जाऊन ४५ अंश वर बघायला लागला तरच दीड मीटरभर मागे राहता येतं, आणि मग पडद्यावर पात्राच्या पार्श्वभागापलीकडे काही उरत नाही.

इथे कोड बाजूला ठेवून छत ६० सेंमी वर उचललं. तेवढ्याने खालून ३० अंशांच्या कोनाला १.६ मीटरची दांडी मिळते आणि वरचं वळण दिसतं. खऱ्या वाड्यात असं छत नसतं हे मान्य. पण खऱ्या वाड्यात माणसाच्या मागे तीन मीटरवर कॅमेरा तरंगत नसतो. दारं, बोळ, जिने यांची मापं कॅमेऱ्याच्या मापांवरून ठरवून लेव्हल बांधणाऱ्याला आधी देणं हे नंतरच्या आठवड्याभराच्या कोडपेक्षा स्वस्त पडतं.

पायऱ्यांचे धक्के उरले होते. जिन्यात वेग २.५ मीटर ठेवला तरी सेकंदाला ११ पायऱ्या, प्रत्येक २५ सेंमीची. उभा स्मूथटाइम ०.२ केला तर धक्के जातात, पण पिव्हट अर्ध्या मीटरहून जास्त खाली राहतो. त्यापेक्षा पायऱ्यांवर अदृश्य उतरण ठेवावी, पात्र तिच्यावरून चालतं, पावलं आयकेने (पाऊल ठरवून त्यावरून पायाची घडी काढणाऱ्या पद्धतीने) पायऱ्यांवर टेकवावीत. उतारमर्यादा ४५ अंशांच्या पुढे, ५० वर न्यायला विसरू नये, नाहीतर पात्र पहिल्या पायरीशीच घसरत राहतं.

तपासणी

एक ठरलेला फेरा: दिंडी, बोळ उजव्या भिंतीला चिकटून, ओसरीची एक प्रदक्षिणा, जिना वर आणि खाली. तो व्हीसिंक (फ्रेमदर मॉनिटरला बांधणारी सेटिंग) बंद करून ३०, ६० आणि १४४ फ्रेमला, १६:९ आणि २१:९ वर, माउसने आणि स्टिकने. दर फ्रेमला दोन गोष्टी लिहायच्या: छातीच्या बिंदूची पडद्यावरची जागा, आणि कॅमेऱ्याभोवती १८ सेंमीचा गोळा कोणत्या भिंतीत आहे का. दुसरा आकडा पूर्ण फेऱ्यात शून्य यायला हवा, गोळा एकदाही भिंतीत सापडला तर नापास. पहिल्यासाठी सरळ धावतानाची रेषा डोळ्याने पाहिली तरी पुरते. उतरताना जिन्यात कॅमेरा छताच्या कडेला एकदा दचकायचा, तिथे छताचा तेवढा कोलायडर कॅमेऱ्याच्या लेयरमधून काढून एकतर्फी मेश ठेवला आहे. वरून बघितलं की ते छत रंगतच नाही.

राहिलं चौकातलं तुळशी वृंदावन. रुंदी ८० सेंमी, म्हणजे नियमाने भिंत. पण उंची १.२ मीटर, पिव्हटच्या खाली. कॅमेरा वरून बघत असेल तोवर ते आडवं येतच नाही, आणि खेळाडूने कॅमेरा जमिनीलगत नेऊन त्याला प्रदक्षिणा घातली तरच पंप सुरू होतो. कोपरे गोल असलेला, कॅमेऱ्यापुरता वेगळा, सिलिंडरच्या आकाराचा कोलायडर त्याला दिला. चौकोनी कडांवर कॅमेरा अडखळायचा, सिलिंडरवर तो आत येतो आणि घसरत निघून जातो.